पत्ता सांगणारा

पत्ता सांगणे आपल्याकडे पुण्यकर्मच समजले जाते. वाटसरूने घर विचारावे, आणि आपण हातचे काम टाकून त्याला दारापर्यंत पोचवावे! म्हणूनच शेजारच्या तरुणाने विचारले, "गुरुजी, मी नुसते पत्ते वाटले, यात चोरी कुठे आली?" तेव्हा त्याचा प्रश्न मला अगदीच पोरकट वाटला नाही.

तो बोलत होता इंटरनेट दूरचित्रवाणीच्या 'एम३यू' फाइलीविषयी. ही फाइल म्हणजे मजकुराची साधी यादी. तिच्यात ना चित्र, ना आवाज. एका ओळीत वाहिनीचे नाव, खालच्या ओळीत तिचा इंटरनेटवरचा पत्ता. 'व्हीएलसी'सारखा प्लेअर त्या पत्त्यावर जाऊन चित्र आणतो. ज्या वाहिन्यांनी आपले दार स्वतःच उघडे ठेवले आहे, त्यांचे पत्ते खुशाल बाळगावेत. पण पैसे मोजून पाहायच्या साऱ्या वाहिन्या फुकटात?

युरोपात हा वाद न्यायालयात गेला. नेदरलँड्समधला एक विक्रेता 'फिल्मस्पेलर' नावाची पेटी विकत असे. पेटीत चित्रपट नव्हते; विनापरवाना चित्रपट दाखवणाऱ्या ठिकाणांचे दुवे तेवढे भरलेले. २६ एप्रिल २०१७ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले, की अशी पेटी जाणूनबुजून विकणे म्हणजे ते चित्रपट लोकांपुढे मांडणेच होय. आणि समजून-उमजून पाहणाऱ्यालाही सूट नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ६३ वे कलमही 'जाणूनबुजून' उल्लंघन करणाऱ्याबरोबर त्याला साहाय्य करणाऱ्यालाही धरते; शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड.

सारी गोम त्या 'जाणूनबुजून'मध्ये आहे. पत्ता निष्पाप असतो. सांगणाऱ्याला आत काय चालले आहे ते ठाऊक असते. (माझ्या कादंबरीची पीडीएफ गावभर फिरवणारे सद्गृहस्थही "लिंक तेवढी पाठवली" असेच म्हणतात!)

यादी हाती आलीच, तर आधी नोटपॅडमध्ये उघडून वाचावी. पत्त्यातच कुणाचे नाव नि पासवर्ड दिसला, तर ती दुसऱ्याच्या घराची किल्ली समजावी आणि पुढे देऊ नये. "आधी हे ॲप बसवा" म्हणणाऱ्या अनोळख्याला तर दारातूनच परत पाठवावे. शिवाय आपण ज्या पत्त्यावर जातो, तिथल्या मालकाला आपलाही आयपी पत्ता कळतो. आजीला दिवाळीत दूरदर्शनच पाहायचे असेल, तर प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे ॲप काढले आहे. त्याला कुणाची यादी लागत नाही.