वैर कोठवर?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे गेर्लिंगेन येथे मुक्कामाला होतो. श्टुटगार्टच्या पश्चिमेस लागून असलेले हे लहानसे शहर. बॉश कंपनीची मुख्य कचेरी येथेच आहे. एका संध्याकाळी नातवाने 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकन मालिकेचा १९६६ सालचा एक भाग दाखविला.

गोष्ट साधी आहे. रोम्युलनांचे जहाज अदृश्य होऊन सीमेवरील ठाणी उडविते व कॅप्टन कर्क त्याचा पाठलाग करतो. बुद्धिबळाच्या पटावर बसल्याप्रमाणे दोघे कप्तान एकमेकांचे डाव ओळखतात. शत्रूचा कप्तान लढाईला विटलेला आहे, परंतु हुकूम मोडीत नाही. तो हरतो तेव्हा कर्क त्याच्या माणसांना वाचवू पाहतो. तो नकार देतो, वेगळ्या परिस्थितीत आपण मित्र झालो असतो असे म्हणतो व स्वतःचे जहाज उडवून देतो.

नातवाने विचारले, "आजोबा, तो शत्रूच होता ना? मग कॅप्टनला वाईट का वाटलं?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. नंतर शेजारच्या श्टुटगार्टचीच एक हकीकत आठवली. १९७७ च्या ऑक्टोबरात तेथील श्टामहाइम तुरुंगात बाडर, एन्सलिन व रास्प हे तीन दहशतवादी मरण पावले. त्यांच्या साथीदारांनी उद्योगपती श्लायर यांचे अपहरण करून त्यांचा खून केला होता. अपहरणाच्या वेळी त्यांचा ड्रायव्हर व तीन पोलीसही मारले गेले होते. लोक संतापले होते. या तिघांना आमच्या स्मशानात जागा नको, असे अनेकांचे म्हणणे होते. महापौर मानफ्रेड रोमेल यांनी मात्र त्यांना शहराच्या डोर्नहाल्डे स्मशानात पुरण्यास परवानगी दिली. मरणानंतर वैर संपलेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

हे रोमेल म्हणजे जर्मन सेनापती एर्विन रोमेल यांचे चिरंजीव. १९४४ साली हिटलरने त्यांच्या पित्यास विष घेणे भाग पाडले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुढे बापाशी लढलेल्या माँटगोमेरी व पॅटन या सेनापतींच्या मुलांशी त्यांनी मैत्री जोडली.

आपल्याकडेही अफझलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशीच आहे. १६५९ साली जेथे तो मारला गेला, तेथेच त्याला माती मिळाली.

पण वाचकहो, येथे एक धोका आहे. शत्रूच्या शौर्याचे कौतुक करता करता तो कशासाठी लढत होता हे आपण विसरतो. १९४२ साली सेनापती रोमेलचे सैन्य इजिप्तमध्ये शिरले होते. मराठा पलटणीचे जवानही त्या आघाडीवर लढले. ते सैन्य अडले नसते तर पॅलेस्टाइनमधील यहुदी बांधवांचे काय झाले असते, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. सेनापती हुशार होता, म्हणून त्याच्या धन्याचे पाप हलके होत नाही. मानफ्रेड रोमेल यांनीही त्या तिघांना निर्दोष म्हटले नव्हते. फक्त कबर नाकारली नाही.

म्हणजे न्याय आणि वैर या दोन वस्तू वेगळ्या आहेत. कृत्याचा निवाडा मरणाने पुसला जात नाही, व पुसूही नये. परंतु निवाडा झाल्यावर मनात जो द्वेष उरतो, तो मेलेल्याला लागत नाही. तो आपल्याच घरात राहतो आणि पुढे मुलांना वारसा म्हणून मिळतो.

त्याच भागात कर्कच्या जहाजावरील एक तरुण मरतो. त्याच दिवशी त्याचे लग्न व्हावयाचे असते. कर्क त्याच्या वधूचे सांत्वन करतो. शत्रूसाठी हळहळणाऱ्या कर्कला आपल्या माणसाचे दुःख कमी झाले नव्हते.

नातवाला मी एवढेच म्हटले, "बाळा, ज्याला त्या मुलीचं रडणं कळतं, त्यालाच शत्रूचं मरणही कळतं."