पाहण्यातील हिंसा

पाहणे हे सदैव निरपराध असते काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आम्ही सूर्यमाळच्या घरीच अडकून पडलो. अंगणातील करवंदीच्या जाळीत बुलबुलाच्या जोडप्याने घरटे बांधिले होते. छायाचित्र घेताना एक फांदी आड येई. ती मी मोडिली. चित्र उत्तम आले. परंतु दुसऱ्याच दिवशी उघड्या पडलेल्या त्या घरट्यातील अंडी कावळ्याने नेली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्यांच्या घरट्यास उपद्रव देण्याचा समावेश ‘शिकार’ या शब्दातच करितो. बंदूक न उचलताही मी शिकारी ठरलो! घरात कोंडलेल्या माणसास तरी दुसऱ्याच्या आडोशाचे मोल कळावयास हवे होते. सौंदर्याची आवड माणसास आपोआप दयाळू करीत नाही, एवढे मात्र त्या मोडक्या फांदीने मला शिकविले.