विकत घेतलेल्या वस्तूचें कुलूप

एखादी वस्तु 'माझी' आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्या म्हणण्यांत नेमकें काय अभिप्रेत असतें, हा प्रश्न वरवर पाहतां बाळबोध वाटण्यासारखा आहे. छत्री माझी आहे याचा अर्थ ती मी पैसे देऊन घेतली, ती मी वाटेल तेव्हां उघडीन, वाटेल त्याला देईन आणि मोडली तर दुरुस्त करवीन, इतका सरळ आहे. ही छत्री पुण्याच्या पावसांत तेवढी उघडावी, मुंबईस नेल्यास उघडूं नये, अशी कांहीं योजना दुकानदारानें तिच्या दांड्यांत करून ठेविली असती, तर आपण त्यास वेडा तरी म्हटलें असतें, नाहीं तर लबाड तरी. परंतु आपल्या डोळ्यांदेखत एक अशी वस्तु घरोघर आली कीं जिच्या बाबतींत नेमकी हीच योजना जगांतील मोठमोठ्या देशांत राजरोस चालली. ती वस्तु म्हणजे मोबाईल फोन. एका कंपनीच्या सेवेसाठीं विकलेला फोन दुसऱ्या देशांतील कंपनीचें कार्ड घातल्यास चालूं नये म्हणून त्याला आंतून कुलूप घालावयाचें, आणि तें कुलूप काढणाऱ्यास दोषी ठरवावयाचें, या व्यवहारांतील न्यायान्यायाचा थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

या कुलपाची रचना अगदीं साधी आहे. प्रत्येक सिमकार्डांत ग्राहकाचा एक अंक कोरलेला असतो. त्याचे पहिले तीन आंकडे देश दर्शवितात. भारताचे ४०४ व ४०५, अमेरिकेचे ३१० व त्यापुढील कांहीं. त्यानंतरचे आंकडे कंपनी दर्शवितात. कुलूपबंद फोन कार्ड घातल्याबरोबर हे आंकडे वाचतो, आपल्या पोटांतील यादीशीं ताडून पाहतो, आणि ते यादींत नसले तर सेवा नाकारतो. फोनच्या अंगीं दुसऱ्या कंपनीच्या लहरी पकडण्याची शक्ति पुरेपूर असते. फक्त तशी त्याला आज्ञा नसते. अमेरिकेंत शिकावयास गेलेला मुलगा तेथील फोन घेऊन सुटींत घरीं येतो आणि येथील कार्ड घालून पाहतो, तेव्हां त्याच्या हातीं येतो तो बिघडलेला फोन नव्हे, तर दुसऱ्याशीं इमान राखणारा फोन.

या वादाला जगभर तोंड फुटलें तें २००७ सालीं. त्या वर्षीं २९ जून रोजीं अ‍ॅपल कंपनीचा आयफोन अमेरिकेंत विक्रीस आला. त्याची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती, आणि तो केवळ एटी अँड टी या एकाच कंपनीच्या सेवेवर, दोन वर्षांच्या करारानें चालणार होता. दोन महिने लोटतात न लोटतात तोंच न्यू जर्सीमधील जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलानें डाख लावण्याचें हत्यार हातीं घेऊन फोन उघडला आणि त्याचें कुलूप काढून दाखविलें. असा खुला केलेला एक फोन देऊन त्यानें बदल्यांत एक मोटार आणि तीन नवे आयफोन मिळविले. कंपनीनें सप्टेंबरांत इशारा दिला कीं, असे खुले केलेले फोन पुढील सुधारणा चढवितांच कायमचे निकामी होण्याचा संभव आहे. आणि महिनाअखेर ती सुधारणा आल्यावर कित्येकांच्या हातांतील फोन खरोखरीच विटेसारखे निर्जीव झाले. ज्यांनीं त्यांची पुरी किंमत मोजली होती, त्यांना त्या दिवशीं 'माझा फोन' या शब्दांचा अर्थ नव्यानें शिकावा लागला.

अमेरिकेच्या कायद्यानें या प्रश्नावर जीं उत्तरें दिलीं तींही मोठीं उद्बोधक आहेत. ग्रंथ, संगीत, चित्रपट यांची चोरटी नक्कल थांबावी म्हणून तेथें १९९८ सालीं एक कायदा झाला आणि त्यानें यंत्रांतील अशीं कुलुपें फोडणें निषिद्ध ठरविलें. फोनमधील आज्ञावली हीही एक 'कृति' असल्यामुळें फोनचें कुलूप त्या कायद्याच्या जाळ्यांत सांपडलें. या कायद्यांतून सवलत देण्याचा विचार दर तीन वर्षांनीं तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ग्रंथपालाकडे असतो. २००६ सालीं ही सवलत फोनला मिळाली. २०१२ सालीं ती आंखडली, आणि २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीच्या संमतीवांचून खुला करणें पुन्हां बेकायदा झालें. तेव्हां एक लाखाहून अधिक लोकांनीं सह्या करून सरकारकडे दाद मागितली. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं हें कृत्य पुन्हां कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. म्हणजे जें कृत्य एका सालीं निर्दोष, तेंच दुसऱ्या सालीं अपराध आणि तिसऱ्या सालीं पुन्हां निर्दोष! कायदा आज्ञा करूं शकतो, परंतु नीतीच्या प्रश्नाचा निकाल त्याच्या तारखांवरून लागत नाहीं. तो आपला आपणच लावला पाहिजे.

प्रथम कंपनीची बाजू न्यायबुद्धीनें ऐकून घेऊं. ती म्हणते : आम्हीं हा फोन तुम्हांला खऱ्या किंमतीला विकलाच नाहीं. २००८ च्या जुलैमध्यें अमेरिकेंत नवा आयफोन १९९ डॉलरला मिळूं लागला, तो दोन वर्षांच्या कराराच्या आधारावर. उरलेली रक्कम आम्हीं पदरची भरली, ती तुमच्या मासिक बिलांतून हळूहळू वसूल व्हावी या विश्वासानें. तेव्हां कुलूप म्हणजे जुलूम नव्हे. तें गहाणखत आहे. शिवाय कांहीं लोक खोट्या नांवानें करार करतात, स्वस्तांत फोन उचलतात आणि ते परदेशीं पाठवून विकतात. तो तोटा अखेर प्रामाणिक ग्राहकांच्याच बिलांत पडतो. या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि खुलेपणाचे कैवारी तें कानांआड करतात हें बरें नाहीं.

परंतु गहाणाचा दृष्टांत कंपनीनें स्वतःच पत्करला असल्यामुळें तो शेवटपर्यंत चालविला पाहिजे. गहाणाला कर्ज असावें लागतें. २००७ सालचा पहिला आयफोन ग्राहकानें सवलतीवांचून घेतला होता. अ‍ॅपलला एटी अँड टी कडून मासिक उत्पन्नाचा वांटा मिळत असे हें खरें; पण तो त्या दोघांतील करार होता, त्याचें ऋण ग्राहकाच्या माथीं कसें बसतें? आपल्याकडे तर ऑगस्ट २००८ मध्यें एअरटेल व व्होडाफोन यांनीं आयफोन आणला तो ३१,००० रुपयांस, आणि इतके रुपये मोजूनही त्याला कुलूप होतेंच. येथें कर्ज नाहीं आणि तरी गहाण आहे. आतां ज्यांनीं खरोखर सवलत घेतली त्यांचा विचार करूं. करार मुदतीपूर्वीं मोडल्यास एटी अँड टी १७५ डॉलर दंड घेत असे. म्हणजे ऋणाची वसुली करारानें आधींच बांधली होती. मग कुलपानें रक्षण केलें तें कशाचें? परदेशीं गेलेल्या ग्राहकानें तेथील स्वस्त कार्ड न वापरतां आपल्याच कंपनीला महागडें भाडें द्यावें, या अपेक्षेचें. अपेक्षा असणें हा गुन्हा नाहीं. परंतु व्यापाऱ्याची अपेक्षा आणि व्यापाऱ्याचा हक्क या दोन भिन्न वस्तु आहेत. आपल्या गिऱ्हाइकानें परगांवीं दुसऱ्याच्या दुकानांत चहा घेतला म्हणून आपली चोरी झाली असें कोणताही दुकानदार म्हणूं शकत नाहीं.

स्वातंत्र्याची किंमत उघड सांगितली कीं व्यवहार कसा स्वच्छ होतो, याचें उदाहरण जर्मनींत घडलें. नोव्हेंबर २००७ मध्यें टी-मोबाईल तेथें आयफोन ३९९ युरोला, चोवीस महिन्यांच्या करारासह विकूं लागली. प्रतिस्पर्धी व्होडाफोननें न्यायालयांत धांव घेतली, आणि तात्पुरत्या मनाईहुकुमामुळें कांहीं दिवस खुला फोनही विकणें भाग पडलें. त्याची किंमत ठरली ९९९ युरो. डिसेंबरांत हँबर्गच्या न्यायालयानें मनाई उठविली आणि खुला फोन पुन्हां नाहींसा झाला. सहाशें युरो ही रक्कम जबर खरी. पण निदान त्या कांहीं दिवसांत ग्राहकापुढें दोन दरवाजे उघडे होते, आणि जो जें निवडील त्याला तें त्याच्या संमतीनें बांधील होतें. जेथें दुसरा दरवाजाच नाहीं तेथें 'तुम्हीं करारावर सही केली' हें वाक्य अर्धेंच सत्य सांगतें.

या ठिकाणीं आपल्या जुन्या शास्त्रकारांची आठवण होणें स्वाभाविक आहे. स्वत्व हें शास्त्रावरून कळतें कीं लोकव्यवहारावरून, असा प्रश्न विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत उपस्थित केला आणि तें लौकिकच आहे असा निर्णय दिला. कारण शास्त्राचें नांवही न ऐकलेले सीमेपलीकडील लोकसुद्धां खरेदीविक्री करतात व आपलें-परकें जाणतात. पुढें बंगालमधील नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणि यानें याहून खोल प्रश्न केला. वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची योग्यता म्हणजेच स्वत्व, ही व्याख्या त्यास पटली नाहीं. दुसऱ्याचें द्रव्य घेऊं नये हा निषेध समजण्यासाठींच स्वत्व काय तें आधीं ठाऊक असावें लागतें; म्हणून स्वत्व हा स्वतंत्र पदार्थ मानला पाहिजे, असें त्याचें मत होतें. हा वाद केवळ पंडिती नाहीं. आजचा विक्रेता सांगतो कीं, वापरण्याची जेवढी परवानगी आम्हीं देऊं तेवढीच तुमची मालकी. म्हणजे परवानगी आधीं आणि मालकी मागाहून. वास्तविक क्रम उलटा आहे : वस्तु माझी झाली म्हणून ती वापरण्यास मला कोणाची परवानगी लागत नाहीं.

तथापि यावरून कुलूप काढणारा प्रत्येक मनुष्य निर्दोष ठरतो असें नव्हे. ज्याचें ऋण फिटलें आहे किंवा मुळांतच नव्हतें, त्यानें कुलूप काढणें म्हणजे आपल्याच घराची कडी काढणें होय. ज्याचा करार चालू आहे, पण जो बिल नियमानें भरीत असतां परदेशीं दुसरें कार्ड घालतो, त्यानेंही कोणाचें कांहीं हिरावून घेतलेलें नाहीं. फार तर कागदावरील एक अट मोडली, आणि तिच्याबद्दलचा जो काय दंड असेल तो त्यानें निमूटपणें सोसावा. परंतु ज्यानें सही करतांनाच हप्ते बुडविण्याचा बेत केला होता तो अपराधी आहे. आणि त्याचा अपराध कुलूप काढण्यांत नसून वचन देण्यांत आहे. तसेंच फोनचा ओळखक्रमांक बदलणें ही सर्वस्वीं निराळी गोष्ट. आपल्या कायद्यानें तो अपराध मानला आहे तो योग्यच, कारण चोरीच्या वस्तूला नवें नांव देण्यापलीकडे त्याचा हेतु क्वचितच असतो. आपल्या बाजारांत परदेशचा खुला केलेला फोन स्वस्तांत घेणाऱ्यानेंही हा कोणाचें ऋण बुडवून तर आला नाहींना, एवढें विचारणें त्याच्यावर बंधनकारक आहे.

येथें एक सूक्ष्म शंका निघते. कांहीं लोक कुलूप न फोडतां सिमकार्डावर एक पातळ चकती बसवीत. ती फोनला सांगे कीं, हें तुझ्या मालक-कंपनीचेंच कार्ड आहे. हें असत्य नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. असत्य बोलण्यास ऐकणारा सचेतन असावा लागतो, आणि सत्य ऐकण्याचा त्याला हक्क असावा लागतो. यंत्राला या दोहोंपैकीं कांहींच नाहीं. कंपनीच्या माणसाशीं करार करतांना खोटें बोलणें आणि स्वतःच्या पेटीला फसविणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

खरी चिंतेची गोष्ट याहून निराळी आहे. पूर्वीं वाणी उधारी देई तो वहींतील नोंदीवर आणि माणसाच्या तोंडाकडे पाहून. कधीं तो बुडे, पण देणाऱ्याच्या सचोटीला त्या व्यवहारांत स्थान होतें. आतां विकलेली वस्तुच विकणाऱ्याची पहारेकरी होऊन आपल्या खिशांत बसते. ग्राहक प्रामाणिक आहे कीं नाहीं हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. आणि ज्याच्या प्रामाणिकपणाची कोणास गरज नाहीं तो हळूहळू तो बाळगीनासा होतो. कुलूप हें अविश्वासाचें फळ आहे तसेंच तें त्याचें बीजही आहे.

म्हणून न्यायाचा नियम असा सांगतां येईल : जोंवर ऋण आहे तोंवर फार तर कुलूप असावें, आणि ऋण फिटतांच किल्ली न मागतां हातीं यावी. कर्ज फेडल्यावरही गहाणखत परत न करणाऱ्या सावकारास आपल्या समाजानें कधीं सज्जन म्हटलेलें नाहीं. कॅनडानें १ डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटननें डिसेंबर २०२१ पासून याही पुढें जाऊन कुलूपबंद फोन विकण्यासच बंदी केली, आणि तेथें कंपन्यांचीं दिवाळीं निघालीं नाहींत. मोटार, शेतीचीं अवजारें, वाचावयाचीं पुस्तकें, या सर्वांच्या पोटांत आज आज्ञावली शिरत आहे. तेव्हां फोनच्या निमित्तानें जो प्रश्न सुटला तो पुन्हां पुन्हां उभा राहणार. त्या वेळीं ग्राहकानें दोन गोष्टी मात्र एकत्रच मागाव्या : वस्तु पुरी आपली असावी, आणि तिच्यासाठीं दिलेला शब्दही पुरा आपला असावा. पहिलीचा आग्रह धरण्याचा अधिकार दुसरी पाळणाऱ्यालाच शोभतो.