आज्ञा देणाऱ्याचं कर्म

हुकूम एकाने द्यायचा आणि हात दुसऱ्याचा चालायचा, तेव्हा ते कर्म कोणाचं? सरकारी रुग्णालयात वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणून माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. हा प्रश्न मला पोथीत भेटला त्याच्या कितीतरी आधी औषधांच्या ट्रॉलीपाशी भेटला.

पोटॅशियम क्लोराइडचंच घ्या. औषध दिसायला पाण्यासारखं. सलाइनच्या बाटलीत मिसळून सावकाश दिलं तर रुग्ण सावरतो. तेच थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. नाईटला नवीन आलेल्या मुलीला कुणी जाता जाता "पाच नंबरला पोटॅशियम देऊन टाक" एवढंच म्हटलं, तर किती, कशात, किती तासांत हे तिने अंदाजाने भरून काढायचं. अंदाज चुकला की मेमो तिलाच. मोघम बोलणारा अधिकार स्वतःकडे ठेवतो आणि जबाबदारी खाली ढकलतो. मी याला अधर्म म्हणते.

पतंजलींच्या योगसूत्रांत स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली अशा तिन्ही हिंसा एकाच रांगेत बसवल्या आहेत. जैन परंपराही हे तीन प्रकार मानते. करवणारा सुटत नाही. ज्याला हे पटलं, त्याला सूचना अर्धवट देववणार नाही.

चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र मला या बाबतीत आदर्श वाटतं. रयतेला त्रास देऊ नका, एवढ्यावर ते थांबत नाही. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि त्याचा दोष तुमच्यावर येईल. लागेल ते बाजारातून विकत आणा. रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथवर सांगितलं आहे. प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. कारण कळलेला माणूस पत्रात नसलेल्या प्रसंगीही योग्य वागतो.

मग हुकूम पाळणारा मोकळा झाला का? नाही. करणाराही त्याच रांगेत आहे, म्हणून विचारण्याचा हक्क त्याला हवाच. गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळा उपदेश झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. साक्षात भगवंतांनी जी मोकळीक दिली, ती आपण कनिष्ठांना नाकारावी, एवढे आपण मोठे नाही.

रुग्णाचं हृदय थांबतं तेव्हा चर्चेला वेळ नसतो, हे खरं. तिथे एकानेच सांगायचं आणि ऐकणारीने तेच मोठ्याने परत म्हणून करायचं. पण असा हुकूम निमूट मानला जावा, तर एरवी प्रश्नांना उत्तरं दिलेली असावी लागतात.

वॉर्डाचा चार्ज नव्याने घेणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे: रुग्णाचं नाव, औषध, मात्रा, वेळ पूर्ण सांगा आणि परत बोलून घ्या. कुणी शंका काढली तर रागावू नका. तिच्या हातून जे घडेल, ते तुमचंही कर्म आहे.