आपल्या माणसाचा दोष

आमच्याकडे अलीकडे दिवाळी आणि निवडणूक पाठीला पाठ लावूनच येतात. 2019 साली विधानसभेचे निकाल 24 ऑक्टोबरला लागले आणि तीनच दिवसांनी लक्ष्मीपूजन होते. 2024 साली तर मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन फराळात प्रचार. आमच्या घरी दिवाळीला साताऱ्याचे आणि सांगलीचे असे दोन्हीकडचे पाहुणे जमतात. 1949 साली सांगली जिल्हा दक्षिण सातारा म्हणून आमच्यातून वेगळा निघाला. तेव्हा हे भांडण तसे भाऊबंदकीचेच. चकलीबरोबर ते अधिक चवदार लागते.

2019 च्या त्या दिवाळीत मी रंगात आलो होतो. उदयनराजे भोसले मे महिन्यात राष्ट्रवादीतर्फे साताऱ्याचे खासदार झाले, सप्टेंबरात भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत हरले. मी त्यांच्या दोषांची यादी मोठ्या तपशिलाने सांगत होतो. सगळे ऐकून घेतल्यावर कॉलेजात जाणारा माझा पुतण्या म्हणाला, “काका, हे सगळे दोष त्यांना सप्टेंबरातच जडले का?” एप्रिलमध्ये मी त्यांच्यासाठी दारोदार हिंडलो होतो. समोर बसलेले आमचे तासगावचे दाजी खो खो हसले. पण त्यांचेही हसू फार टिकले नाही. एप्रिलमध्ये माझी आताची यादी त्यांच्याकडे होती आणि सप्टेंबरात त्यांनी ती गुपचूप गुंडाळून ठेवली होती.

माणूस तोच, मतदारसंघ तोच, टीकाही तीच. फक्त ती म्हणणारी तोंडे बदलली. मग त्या टीकेत त्या माणसाविषयी नेमके काय होते?

पूर्वी राजकारण सभ्य होते, आता बिघडले, असे म्हणून हा प्रश्न टाळता येतो. मला तसे म्हणवत नाही. 1957 ची निवडणूक आमच्या वडीलमंडळींच्या तोंडून मी पुष्कळ ऐकली आहे. बेचाळीसच्या लढ्यातली दोन माणसे, यशवंतराव चव्हाण आणि क्रांतिसिंह नाना पाटील, त्या वेळी दोन बाजूंना होती. संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे, असे यशवंतराव फलटणला म्हणाले होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर जे काही ओतले गेले ते सगळेच सोवळे नव्हते. कराडला ते जेमतेम निवडून आले. नाना पाटील साताऱ्याहून लोकसभेत गेले. पण शिवी देणारालाही वाद कशाचा आहे हे सांगता येत होते. आमच्या 2019 च्या वादात मला ते सांगता आले नसते.

त्याच निवडणुकीतली एक गोष्ट मात्र मला पुन्हा पुन्हा आठवते. 18 ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. लोकांना तो पाऊस आठवतो. मला त्यांचे एक कबुलीचे वाक्य आठवते. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशा अर्थाचे ते बोलले. मते मागताना दिलेली कबुली थोडी कमी वजनाची धरावी, हे मला समजते. ती फायद्याचीही ठरली, श्रीनिवास पाटील सत्याऐंशी हजारांवर मतांनी निवडून आले. तरीही गेलेल्या माणसावर बोट दाखवताना ते आधी स्वतःकडे वळवणे मला, दारोदार हिंडूनसुद्धा, सुचले नव्हते.

पण आपल्या बाजूचे दोष न बोलणे हे पापच आहे काय? तसे म्हणणेही खरे नाही. वकील आपल्या अशिलाचे दोष सांगत नाही, आणि कोणी त्याला खोटा म्हणत नाही. कारण वर न्यायाधीश बसलेला असतो. प्रचारातला कार्यकर्ता असा वकील आहे. निष्ठा नसलेला माणूस कोणत्याच गावाला आवडत नाही, आणि ते ठीकच आहे. पंचाईत होते ती निराळीच. ज्याने न्यायाधीश म्हणून मत द्यायचे तो घरच्या ओसरीवरसुद्धा वकिलाचा डगला चढवून बसतो, आणि मग साऱ्या कोर्टात वकीलच वकील उरतात.

2024 च्या ऑक्टोबरअखेरीस दाजींच्या तासगावातच हा प्रश्न उघड्यावर आला. तिथल्या सभेत अजित पवारांनी आर. आर. पाटलांचे नाव काढले. सिंचनाच्या प्रकरणात माझी खुली चौकशी करावी, या फायलीवर गृहमंत्री असताना आबांनी सही केली. हा केसाने गळा कापण्याचा प्रकार होता, असा त्यांचा रोख होता. आबा 2015 साली वारले. उत्तर द्यायला ते नव्हते.

अजित पवारांची बाजूही ऐकली पाहिजे. 2019 च्या अखेरीस लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने न्यायालयात त्यांना जबाबदार धरले नाही. ज्याला आपण निर्दोष आहोत असे वाटते त्याला आपल्याच पक्षातल्या सहकाऱ्याची सही लागली, तर ती खोल लागणारच. आणि हेच गृहस्थ पुढच्या आठवड्यात निराळे दिसले. जतच्या सभेत त्यांच्याच महायुतीतल्या एका आमदाराने शरद पवारांच्या चेहऱ्याची टिंगल केली, तेव्हा त्यांनी विरोधकांची वाट न पाहता तिचा निषेध केला.

तरी त्या सहीपाशी मी अडतो. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे आम्ही पोरांना किती अभिमानाने सांगतो! 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ज्यांच्या पदरी नोकरी त्या राघोबादादांनाच शास्त्रीबुवांनी देहांत प्रायश्चित्त सांगितले. सही काही निकाल नव्हे. चौकशीतून माणूस सुटतोही, आणि इथे तसेच झाले. आबांना रामशास्त्री करण्याचा माझा विचार नाही. 2008 साली मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तोंडून गेलेल्या एका वाक्यापायी त्यांना गृहमंत्रिपद सोडावे लागले होते. त्यांचेही पाय मातीचेच होते. पण गृहमंत्र्याच्या खुर्चीत बसून ती फाईल पाहणारा माणूस त्या घटकेला पक्षाचा वकील नव्हता, एवढे मला दिसते. आपल्या माणसाच्या बाबतीतही त्याने हात आखडला नाही, हा त्याचा दगा कसा?

हे मी त्या दिवाळीत दाजींना मोठ्या उत्साहाने सांगितले. आबा त्यांच्या तालुक्याचे. मला वाटले, ते खूश होतील. त्यांनी करंजी खाली ठेवली आणि म्हणाले, “पाव्हणं, रामशास्त्री राहू द्या. तुमच्या सख्ख्या भावाची फाईल तुमच्यापुढं आली असती, तर केली असती का हो सही?”

धाकटा भाऊ अंगणात पोरांना भुईनळे लावून देत होता. पुतण्या माझ्याकडे पाहत होता. “केली असती,” मी म्हणालो. पण तेवढे दोन शब्द तोंडातून निघेपर्यंत बाहेरचा भुईनळा पेटून विझलासुद्धा होता.