पाठराखे

जगात दोन प्रकारची कामे असतात. एक, केली की दिसणारी. दुसरी, न केली की दिसणारी. गाणे, भाषण, उद्घाटन ही पहिल्या जातीची. टाकीत पाणी सोडणे, रात्री फाटकाला कुलूप लावणे, दिवसअखेर कॅश टॅली करणे ही दुसऱ्या जातीची. नळाला पाणी आले म्हणून सोसायटीतला एकही सभासद खिडकीत येऊन 'वा, वॉचमन!' असे ओरडत नाही. पाणी आले नाही की त्याच वॉचमनचे नाव, गाव आणि मागल्या तीन पिढ्या जिन्यात जाहीर होतात.

आता, ह्या दुसऱ्या जातीची कामे करणाऱ्यांचे आपण काही देणे लागतो का? लागत असलो तर ते कोणी फेडायचे आणि कुठल्या चलनात? प्रश्न तसा तत्त्वज्ञांचा आहे. कॉमर्सच्या पदवीधराने त्यात पडू नये. पण देणे-घेणे हा शब्द कानावर आला की माझा हात आपोआप लेजरकडे जातो, त्याला इलाज नाही. आणि हा प्रश्न मला अगदी लख्ख दिसला तो अमेरिकन फुटबॉल बघताना.

हा नाद मला लावला न्यू जर्सीतल्या भाच्याने. आमच्या एल. एफ. सी.मध्ये अमेरिका बसत नसल्यामुळे मी हा खेळ मोबाईलवरच बघतो. तिकडे रविवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे सोमवार उजाडलेला असतो. बँकेत जाण्यापूर्वी, चहाच्या कपाला मोबाईल टेकवून, मी सव्वाशे-दीडशे किलोची माणसे एकमेकांवर आदळताना बघतो. त्यानंतर काउंटरवर कोणीही कितीही आवाज चढवला तरी तो भूपाळीसारखा वाटतो.

खेळाचे नाव फुटबॉल. पण त्यात पायाला काम बेताचेच. चेंडू लांबट, दोन्हीकडे टोक काढलेला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, सरकलात की आणखी चार प्रयत्न. एका बाजूला अकरा माणसे. त्यांतला नवरदेव म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू कोणाला द्यायचा, किती लांब फेकायचा, हे तो ठरवतो. जाहिरातीत तो, मासिकाच्या मुखपृष्ठावर तो. आणि त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड माणसे वाकून बसलेली असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. ह्या फळीला म्हणतात ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे आक्रमणाची फळी. चेंडू फेकायचा असेल तेव्हा पाचहीजणांचे काम निव्वळ बचावाचे. नावात काय आहे म्हणतात ते असे.

सेंटर पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. ह्याला स्नॅप म्हणतात. त्या क्षणी समोरून चार, कधी पाच, कधी सहा माणसे क्वार्टरबॅकला आडवा करायला सुटतात. ही पाच माणसे मागे मागे सरकत त्याच्याभोवती घोड्याच्या नालासारखा एक आडोसा उभा करतात. त्याला म्हणतात पॉकेट. ह्या खिशाचे आयुष्य अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात क्वार्टरबॅकने मैदानभर नजर फिरवून चेंडू फेकायचा. आमच्याकडे चेकवरची सही ताडून बघायलासुद्धा ह्याहून जास्त वेळ लागतो.

आता ह्या पाचांची पंचाईत बघा. लढायचे, पण उलटे चालत. समोरच्याला ढकलायचे, पण धरायचे नाही. १९७८ साली नियम बदलला तेव्हा कुठे त्यांना हात लांब करून उघड्या पंजाने रेटायची मुभा मिळाली. मात्र कोणाचा अंगरखा मुठीत आला की 'होल्डिंग', दंड दहा यार्ड. स्नॅपच्या आधी जरासे हलले तर पाच यार्ड. समोरचे दोघे मध्येच आपापसांत जागा बदलतात. तेव्हा आपला माणूस शेजाऱ्याच्या हवाली करायचा आणि शेजाऱ्याचा आपण घ्यायचा, तेही अर्ध्या सेकंदात. (एका टेबलावरची फाईल शेजारच्या टेबलावर जायला आमच्याकडे जो काळ लागतो, तेवढ्यात तिकडे मोसम आटोपेल.) पुढे फेकलेला चेंडू झेलायची एरवी ह्यांना बंदी. सर्वांत गंमत म्हणजे, चेंडू फेकला जातो तेव्हा ह्यांची त्याच्याकडे पाठ असते. आपण वाचवलेल्या माणसाने काय पराक्रम केला हे त्यांना प्रेक्षकांच्या आरोळीवरून कळते.

एका सोमवारी आमची ही डबा भरता भरता मोबाईलमध्ये डोकावली.

"अहो, ह्या मधल्या पाचजणांना बॉल कधी देतात?"

"देत नाहीत."

"मग एवढ्या धापा कशाला टाकतायत?"

"त्या मागच्याला कोणी हात लावू नये म्हणून."

"म्हणजे पाठराखिणी म्हणा की! तिची निदान खणाचोळीवर बोळवण तरी करतात."

शब्द नेमका होता. त्यातही डाव्या टॅकलला तर अगदीच चपखल. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला की फेकायच्या पवित्र्यात त्याची पाठ डाव्या बाजूला होते. तिकडून येणारा त्याला दिसतच नाही. ती आंधळी बाजू राखायची ती डाव्या टॅकलने.

आता लेजर उघडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याचे यार्ड मोजतात. झेलणाऱ्याचे झेल मोजतात. क्वार्टरबॅकचे तर काय काय मोजतात ते विचारू नका. क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवे करण्याला 'सॅक' म्हणतात; ते कोणी केले ह्याची खेळाडूवार अधिकृत नोंद १९८२ पासून होते. आणि लाइनमनचे काय मोजायचे? तर त्याच्यामुळे किती सॅक झाले आणि त्याला किती दंड झाले. नावेच्या रकान्यात सगळे आकडे, जमेचा रकाना कोरा. चाळीस वेळा त्याने समोरच्याला अडवले, तर ती चाळीस वेळा 'काही न घडल्याची' घटना. तिचे व्हाउचर निघत नाही. सबंध सामन्यात त्याचा नंबर पंचाच्या तोंडून ध्वनिक्षेपकावर गाजतो तो होल्डिंग केल्यावर. असोसिएटेड प्रेसतर्फे दर मोसमाला सर्वांत मोलाचा खेळाडू निवडतात. ह्या फळीतल्या माणसाला तो मान आजवर एकदाही मिळालेला नाही. १९८२ साली तो मिळाला वॉशिंग्टन संघाच्या मार्क मोझलीला. हा मोझली चेंडूला लाथ मारणारा, म्हणजे ज्याचा पाय खरोखर चेंडूला लागतो अशा मोजक्या मंडळींपैकी एक!

त्याच वर्षी, त्याच संघाच्या लाइनचे प्रशिक्षक जो ब्युगल ह्यांनी आपल्या फळीला एक नाव दिले: 'हॉग्ज'. म्हणजे डुकरे. कौतुकाने हो! १९८३ पासून काही पुरुष प्रेक्षक बायकी झगे घालून, नाकाला डुकराचे मुस्कट लावून सामन्यांना येऊ लागले. लाइनमनच्या नशिबी कौतुक आले तेही असे. ह्या संघाने १९८२, १९८७ आणि १९९१ च्या मोसमांत तीनदा सुपर बोल जिंकला. तिन्ही वेळा क्वार्टरबॅक वेगळा: जो थाइझमन, डग विल्यम्स, मार्क रिपिन. मात्र फळीतले जो जॅकोबी, रस ग्रिम आणि जेफ बॉस्टिक तिन्ही वेळा संघात होते. मॅनेजर बदलतात आणि काउंटर तेच राहते, हे सत्य केवळ आमच्या शाखेपुरते नाही ह्याचा मला त्या दिवशी फार दिलासा वाटला.

ह्यातल्या जॅकोबीला १९८१ च्या वार्षिक निवडीत एकाही संघाने उचलले नव्हते. पुढे तो वॉशिंग्टनचा डावा टॅकल झाला. १८ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध सामना होता आणि दुखापतीमुळे जॅकोबी बाहेर होता. लॉरेन्स टेलर नावाचा वादळी खेळाडू थाइझमनवर मागून येऊन आदळला. थाइझमनच्या उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. ज्याने पाडले तो टेलरच उठून हातवारे करून मदतीला माणसे बोलावू लागला. थाइझमन पुन्हा कधी खेळला नाही. ती एक खेळी टीव्हीवर लक्षावधी लोकांनी पाहिली आणि आजही त्यांना आठवते. आंधळी बाजू राखली गेली त्या आधीच्या शेकडो खेळी कोणाला आठवतात? आठवण्यासारखे त्यांत काही घडलेच नव्हते. इतकी वर्षे हजर राहिलेल्या माणसाची किंमत जगाला कळली, ती त्याच्या एका रात्रीच्या खाड्याने.

इथे तुम्ही म्हणाल, "अहो, त्यांना पगार किती आहे! कोट्यवधी डॉलर! मग रडताय कशाला?" मान्य. पगार रग्गड आहे. चांगल्या डाव्या टॅकलचा तर डोळे फिरवणारा. पण बँकेतल्या माणसाला विचारा. पगार हे एक खाते आणि दखल हे दुसरे. एकातली शिल्लक दुसऱ्यात वर्ग करता येत नाही. ही लीग १९२० साली स्थापन झाली. ह्या फळीतल्या सर्वोत्तम माणसासाठी लीगने स्वतःचा वेगळा पुरस्कार ठेवला तो २०२५ च्या मोसमापासून. थकबाकी एकशे पाच वर्षांची.

दुसरे काहीजण गंभीर चेहरा करून गीता काढतील. फळाची आशा धरू नये, कर्म करीत राहावे. हा उपदेश मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ऐकवणाऱ्यांच्या हातात बहुधा फळ असते हेही बघत आलो आहे. पण मूळ प्रसंग आठवा. कुरुक्षेत्रावर रथ हाकणारा एक आणि बाण सोडणारा दुसरा. नाव होणार ते बाण सोडणाऱ्याचे. आणि फळाची आशा सोड हे कोण कोणाला सांगतो? सारथी धनुर्धराला सांगतो! आपण तो श्लोक नेमका उलटा फिरवला. ज्याला टाळ्या मिळणार आहेत त्याच्यासाठीचा उपदेश आपण घेतला आणि टाळ्या न मिळणाऱ्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावला.

माझ्या मते सगळा नैतिक घोटाळा इथे आहे. येणे सोडून देण्याचा अधिकार धनकोचा असतो. लाइनमनने म्हणावे, "मला कौतुक नको," तर ते त्याचे थोरपण. पण तेच क्वार्टरबॅकने किंवा प्रेक्षकाने त्याला म्हणावे, "तुला कौतुक कशाला हवे?" तर ती ऋणकोने आपल्या हाताने आपलेच कर्ज माफ करून घेण्याची युक्ती झाली. (निवडणुकीच्या वर्षातली गोष्ट वेगळी.)

जो थॉमसचेच घ्या. क्लीव्हलंड ब्राउन्सचा डावा टॅकल. २००७ साली पहिल्या सामन्यापासून उभा राहिला तो २०१७ च्या ऑक्टोबरात दंडाचा स्नायू फाटेपर्यंत एकही स्नॅप चुकला नाही. सलग १०,३६३. ह्या सबंध काळात त्याचा संघ एकदाही बाद फेरीला पोचला नाही. २०१७ साली तर सोळाच्या सोळा सामने हरला. विसेक क्वार्टरबॅक त्याच्या आडोशाला उभे राहून गेले. फळ नाहीच, झाडसुद्धा दरवर्षी नवे. २०२३ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले. जिंकणे आपल्या हाती नसतानाही आपली बाजू राखता येते, हे त्या आकड्याने सिद्ध झाले. पण ह्याचा अर्थ त्याचे कोणी काही लागत नव्हते असा काढू नये.

मग फेडायचे कोणी? प्रेक्षकांकडून मला फार आशा नाही. त्यांचे डोळे चेंडूवर असणार आणि तिकीट त्यांनी त्याचेच काढलेले असते. ज्याला ठाऊक आहे त्याने फेडावे. ज्याची पाठ राखली गेली त्याला पक्के ठाऊक असते. तिकडे क्वार्टरबॅक नाताळात आपल्या लाइनमनना भारी भेटी देतात. ही रीत मला आवडते. पण खरी फेड मला दुसरीकडे दिसते. क्वार्टरबॅकचा फळीवर भरवसा असला की तो धावून येणाऱ्यांकडे बघत बसत नाही. त्याची नजर लांब, झेलणाऱ्यांवर असते. भरवसा उडाला की नजर खाली येते, पाय चुळबुळतात आणि खेळ बिघडतो.

कधीतरी फळी फुटतेच. क्वार्टरबॅक उताणा पडतो. तेव्हा नीट बघा, बहुतेक वेळा त्याला उठवायला हात पुढे येतो तो ह्या पाचांपैकीच कोणाचा तरी. कधी कधी तर ज्याच्या बाजूने घात झाला त्याचाच. क्वार्टरबॅक तो हात धरतो, उठतो, गवत झटकतो आणि पुढच्या स्नॅपला त्याच माणसाच्या भरवशावर आंधळी बाजू उघडी टाकून उभा राहतो. आमच्याकडे एवढ्या मोठ्या उधारीला तारण लागते आणि वर दोन जामीनदार. तिकडे नुसती पाठ पुरते.