मित्राच्या हातीं शस्त्र

शेजाऱ्यानें लांकडें फोडावयास कुऱ्हाड मागितली, तर ती देणें हा शेजारधर्म होय. परंतु तोच शेजारी बांधावरून भावाशीं भांडून संतापानें आपल्या दारीं आला व तीच कुऱ्हाड मागूं लागला, तर? तो जुना स्नेही आहे. तंट्यांत न्यायहि कदाचित् त्याच्याच बाजूस असेल. तरी ती द्यावी काय? आणि मोल घेऊन द्यावी काय?

राष्ट्रांपुढेंहि हाच प्रश्न येतो. आफ्रिकेंतील नायजीरिया देशाचा पूर्वभाग मे १९६७ मध्यें बियाफ्रा ह्या नांवानें वेगळा झाला व जुलैंत युद्ध पेटलें. नायजीरियाचें सरकार ब्रिटनचें स्नेही होतें, व तेथील तेलांत ब्रिटिश भांडवलहि गुंतलें होतें. ब्रिटन त्या सरकारास पूर्वीपासून शस्त्रें विकीत असे. युद्धांतहि ती विक्री चालूं राहिली. बियाफ्राची नाकेबंदी झाली आणि लाखों माणसें, त्यांत मुलें फार, उपासमारीनें मेलीं. तेव्हां अनेक देशांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनीं साओ तोमे बेटावरून रात्रीच्या अंधारांत विमानें पाठवून उली येथील सडकेवर अन्न उतरविलें. अशा फेऱ्या पांच हजारांहून अधिक झाल्या. (त्याच सडकेवर, त्याच अंधारांत, बियाफ्राचीं शस्त्रेंहि उतरत, हें लपवूं नये.) हें धर्मयुद्ध होतें असेंहि कोणीं समजूं नये, नायजीरियाचे राष्ट्रप्रमुख गोवन हे स्वतः एका सुवार्तिकाचे पुत्र होते.

पंतप्रधान विल्सन ह्यांच्या सरकारचें म्हणणें असें कीं, आम्ही न दिलीं तर रशिया देईल. दिलीं तर आमच्या शब्दास वजन राहील. शिवाय देशाचे तुकडे होऊं देणें बरें नव्हे. हें शेवटचें म्हणणें विचार करण्याजोगें आहे, कारण फ्रान्स बियाफ्रास गुप्तपणें शस्त्रें पुरवीत होताच. पण वजन होतें, तर तें मुलांच्या भाकरीसाठीं किती खर्चिलें? मार्च १९६९ मध्यें विल्सन स्वतः लागोसला गेले. शस्त्रें मात्र जानेवारी १९७० मध्यें युद्ध संपेपर्यंत जातच राहिलीं.

राहिला 'दुसरा देईल' हा मुद्दा. स्तेफनावर धोंडमार झाली तेव्हां शौलानें धोंडा मारल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. त्यानें मारणाऱ्यांचीं वस्त्रें राखलीं. तीं दुसऱ्या कोणीहि राखलीं असतीं. तथापि पुढें पौल झाल्यावर त्यानें ती गोष्ट आपल्या अपराधांत सांगितली, व ही सबब पुढें केली नाहीं. आणि त्यानें तर राखणावळहि घेतली नव्हती!

हॉलंड व बेल्जम ह्यांनीं १९६८ मध्यें विक्री बंद केली. तिनें युद्ध थांबलें नाहीं. ब्रिटननें बंद केली असती तरी कदाचित् थांबलें नसतें. कुऱ्हाड नाकारलेला शेजारी दुसऱ्याचें दार ठोठावील, दोन पावसाळे आपल्याशीं बोलणार नाहीं, पेरणीला बैलहि देणार नाहीं. तेवढें सोसावें, पण त्या दिवशीं कुऱ्हाड घरांतून बाहेर काढूं नये, असें मला वाटतें.